पाचशे एकोणनव्वद

नारायण पेठेतली रात्रशाळा, पावणेआठचा तास.
फळ्यावर मी भागाकार मांडला:
सोडियमच्या दिव्याचे पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर
भागिले पाण्याचा अपवर्तनांक,
एक पूर्णांक तेहतीस शतांश,
बरोबर चारशे त्रेचाळीस.
खाली दोन रेघा मारल्या, हात झटकले.

कौसल्या धोत्रे वहीत मान घालून होती.
दिवसा ती महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर फरशा घासते,
क्लोरीनचा वास तिच्याआधी वर्गात येतो.
म्हणाली, बाई,
पुस्तकातल्या तक्त्यात चारशे त्रेचाळीस म्हणजे निळा.
मग पिवळा दिवा पाण्यात शिरला
की निळा व्हायला पाहिजे.

वीस वर्षं हाच भागाकार शिकवतेय.
वीस वर्षांत कुणी
त्या दोन रेघांच्या खाली उतरून बघितलं नव्हतं.
मीसुद्धा.
उद्या सांगते, म्हटलं,
आणि मोमीनकाका देवासारखे धावले,
घंटा दिली.

घरी जाताना म्हात्रे पुलावर अडकले.
अलीकडे ऐसपैस येणाऱ्या स्कूटरी
पुलावर चाकाला चाक.
पण मिनिटाला जेवढ्या चढत होत्या
तेवढ्याच पलीकडे उतरत होत्या.
कठड्यावरून नदीत कुणी पडत नव्हतं,
मधेच नवी एखादी उगवत नव्हती.
वेग मंदावला, अंतर आखडलं,
मोजणी तीच.
मागचा हॉर्नवर हात ठेवून बसलेला,
आणि मी पाय टेकवून
हेल्मेटच्या आत हसत होते.

सोळाव्या वर्षी भुसावळहून आले मी इथे.
तिकडे माझं एकेक वाक्य
फलाटाएवढं लांब असायचं,
डबे संपता संपायचे नाहीत.
पेठेत शिरलं आणि आखूड झालं.
बहीण फोनवर म्हणते, तू अगदी पुणेकरीण झालीस गं.
मी म्हणते, हो का.

दुसऱ्या दिवशी तयारीनं गेले, रंगीत खडू घेऊन.
कौसल्या उशिरा आली,
केस ओले, डोळे लाल.
"बघून आले," म्हणाली.
शेवटची बॅच गेल्यावर
तलावाच्या कोपऱ्यातला जुना दिवा,
अजून पांढरा न केलेला,
तो तिनं पाण्याखाली उताणं होऊन
दम धरून, उघड्या डोळ्यांनी पाहिला.
तीनदा.
"हलतो, पसरतो, फुटतो.
पण पिवळाच, बाई. शपथ."

मी पूल काढला, स्कूटरी काढल्या.
उंबऱ्यावर लाटेला थांबता येत नाही, म्हटलं.
सेकंदाला जेवढ्या येतात तेवढ्याच आत जातात.
रंग त्या मोजणीचा, लांबीचा नाही.
तक्ता आहे तो हवेतला,
तसं त्यात लिहायला हवं होतं.
तिनं पेन्सिलीनं तक्त्याच्या डोक्यावर लिहिलं:
हवेत.

मग थोडा वेळ वेणीचं टोक पिळत बसली.
वहीवर दोन थेंब.
"पण बाई, डोळ्यातही पाणीच असतं ना?"
असतं, म्हटलं. जवळपास पाणीच.
"म्हणजे हवेतून बघा, काचेतून बघा,
तलावाच्या तळातून बघा,
शेवटचा टप्पा पाण्याचाच."
हो.
"मग पाचशे एकोणनव्वद
आजवर कुणाच्या डोळ्याच्या तळाशी पोचलेच नाहीत.
पोचतात ते चारशे त्रेचाळीसच.
आणि त्यालाच आपण पिवळा म्हणतो."

फळा पुसायला मोमीनकाका काल विसरले होते.
भागाकार तसाच होता,
दोन रेघांखाली वीतभर जागा.
मी खडू तिच्यापुढे धरला.
"ओल्या हातानं नीट उमटत नाही," म्हणाली ती,
आणि लिहायला लागली.